बोहारणीची पाटी आणि मोबाईलवरचा बाजार

स्त्रियांच्या अर्थार्जनाविषयी ऐतिहासिक असे काही या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लिहावे, अशी संपादक-भगिनींची सूचना आली, तेव्हा पापड, लोणची, शिवण आणि शिकवण्या हे चार विषय आपोआप डोळ्यांसमोर उभे राहिले. या चारही विषयांवर पुष्कळ लिहून झाले आहे. गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला आणि त्यातून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली, ही हकीकत आता शाळकरी मुलींनाही पाठ असते. मी निवडलेल्या विषयाला मात्र उद्योग म्हणण्याचे धाडस आजवर फारसे कोणी केले नाही. तो विषय म्हणजे जुन्या वस्तूंची विक्री.

हा विषय सुचण्याचे कारण आपल्या मंडळातच आहे. आपल्यापैकी काही भगिनी गेली काही वर्षे जुने सामान मोबाईलवर विकून संसाराला चार पैशांचा हातभार लावतात. कोणी घर बदलणाऱ्या शेजाऱ्यांचे शिवणयंत्र घेऊन, दुरुस्त करून विकते. कोणी मुलांची लहान झालेली सायकल, पाळणा, पुस्तके विकते. कोणी रद्दीच्या दुकानातून चांगली पुस्तके निवडून आणते. पण हे काम चारचौघींत सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. ‘जुने विकायची वेळ आली का?’ असे कोणी विचारील ही भीती. याच कारणाने एका भगिनीने आपले नाव या लेखात घालू नये अशी विनंती मला केली. ही लाज मुळात आली कोठून आणि तिला काही आधार आहे काय, याचा शोध घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मागे गेलो की पहिली भेटते ती बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर जुन्या कपड्यांचे गाठोडे आणि दुपारच्या निवांत वेळी वाड्याच्या किंवा चाळीच्या दारात तिची हाळी. पुरुषमाणसे कामावर गेलेली, जेवणे-खाणी उरकलेली, अशी वेळ ती नेमकी साधीत असे, कारण तिचा सारा व्यवहार घरातल्या बाईशी असे. जुनी लुगडी, धोतरे, कोट, मुलांचे सदरे द्यावयाचे आणि बदल्यात भांडे घ्यावयाचे. तिच्या पाटीतली भांडी काळाप्रमाणे बदलत गेली. पितळेच्या जागी जर्मनची आली, मग स्टेनलेस स्टीलची, आणि पुढे प्लॅस्टिकचे टब नि बादल्या. आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास कोणाला लिहावयाचा असेल तर त्याने बोहारणीच्या पाटीचाच इतिहास लिहावा!

मुंबईत या धंद्यात गुजरातेतून आलेल्या देवीपूजक समाजाच्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. दिल्लीतही तसेच घडले. तेथील रघुबीर नगरात पहाटेच्या अंधारात जुन्या कपड्यांचा मोठा बाजार भरू लागला, आणि घरोघर हिंडून भांड्यांवर कपडे मिळविणाऱ्या गुजराती स्त्रिया आपली गाठोडी तेथे आणून विकू लागल्या. ल्युसी नॉरिस या अभ्यासिकेने या कपड्यांचा माग काढून 2010 साली एक संपूर्ण ग्रंथच प्रसिद्ध केला. मध्यमवर्गीय घराच्या कपाटातून निघालेली रेशमी साडी बोहारणीच्या हातून बाजारात जाते, तेथून कारागिराकडे जाते आणि उशीचा अभ्रा होऊन परदेशी दिवाणखान्यात पोहोचते, हा सारा प्रवास तिने दाखविला आहे.

आपण भांडे घेऊन दार लावीत असू. पण त्या गाठोड्याचे खरे काम तेथून पुढे सुरू होई. कपडे निवडावयाचे, धुवावयाचे, उसवलेले शिवावयाचे, बटणे लावावयाची. धडके कपडे कष्टकऱ्यांच्या बाजारात जात. फाटक्या सुती कपड्यांच्या चिंध्या कारखान्यांत यंत्रे पुसावयाला जात. खऱ्या जरीची साडी असली तर तिचा भाव निराळा, कारण जुनी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. ती जाळून, आटवून चांदी काढणारे लोक असत. लोकरीच्या जुन्या कपड्यांसाठी तर पानिपतला मोठा धंदा उभा राहिला. तेथे जुनी लोकर पिंजून तिचे पुन्हा सूत काढतात आणि त्याच्या घोंगड्या-ब्लॅंकिटे विणतात. म्हणजे बोहारीण उजेडासमोर कपडा धरून पाही, शिवण ओढून पाही, काठावरून बोट फिरवी, ते काही उगाच नव्हे. एका नजरेत तिला तीन बाजारांचे भाव आठवावे लागत.

आता दाराच्या आतल्या बाजूस काय घडत होते ते पाहू. ज्या काळात घरातल्या बाईच्या हाती रोकड क्वचितच असे, त्या काळात बोहारणीशी होणारा सौदा हा कोणालाही न विचारता तिला करता येण्याजोगा असा एक व्यवहार होता. कोणता कपडा जुना झाला हे ती ठरवी, काय भांडे घ्यावयाचे हे ती ठरवी, आणि घासाघीसही तीच करी. महिन्याच्या खर्चातून नवे पातेले मागितले तर चार प्रश्न उभे राहत. पण ‘बोहारणीकडून घेतले’ म्हटले की विषय संपला. संसाराच्या जमाखर्चाच्या वहीत मात्र या पातेल्याची नोंद कधी झाली नाही. वहीत रुपये-आणे लिहीत आणि येथे रुपये नव्हतेच. त्यामुळे जुन्यातून नवे करण्याचे हे कौशल्य ‘काटकसर’ या नावाखाली गेले. त्याला ‘कमाई’ हे नाव कधी मिळाले नाही.

कमाई म्हणून नोंद झाली असती तरी ती कोणाची झाली असती, हाही प्रश्न होता. कात्यायनाच्या नावाने चालत आलेल्या स्मृतिवचनात स्त्रीने शिल्पकामातून मिळविलेल्या आणि परक्यांकडून प्रीतीने आलेल्या धनावर पतीचे स्वामित्व सांगितले असून बाकीचे तेवढे स्त्रीधन म्हटले आहे. माहेरचे दागिने तिचे. पण स्वतःच्या हातांनी मिळविलेले तिचे नव्हे, असा हा उलटा न्याय! इंग्रजी अमदानीत 1874 साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयी एक कायदा झाला व बाईची मजुरी आणि मिळकत ही तिची स्वतःची असे त्यात म्हटले गेले. परंतु हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रियांना त्याच कायद्याने त्यातून वगळले होते. अखेर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या 14 व्या कलमाने हिंदू स्त्रीला तिच्या ताब्यातील मालमत्तेची पूर्ण मालकीण ठरविले, आणि स्वतःच्या कौशल्याने वा कष्टाने मिळविलेली मालमत्ताही त्यात स्पष्टपणे घातली. जुनी सायकल विकून आलेल्या बाराशे रुपयांच्या मागे एवढा मोठा इतिहास उभा आहे, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

घराबाहेर जुन्या वस्तूंचे बाजार पूर्वीपासून होतेच. पुण्याचा मंगळवार पेठेतील जुना बाजार बुधवार-रविवारचा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. मुंबईत मटन स्ट्रीटवरचा चोर बाजार सर्वांना माहीत. पण या बाजारांत विक्रेते आणि गिऱ्हाईक दोन्ही बहुतांशी पुरुष. घरंदाज बाईने तेथे भाव करीत उभे राहावे ही कल्पनाच त्या वेळी कोणाला रुचली नसती. त्यामुळे घरातली जुनी समई, अडकित्ता, पानाचा डबा, शेवेचा सोऱ्या या वस्तू तांबटाकडे मोडीच्या भावाने जात. वजन करावयाचे, धातूचे पैसे घ्यावयाचे. त्यावरची कारागिरी तराजूत बसत नसे.

ती कारागिरी ओळखणारा एक मनुष्य पुण्यात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांनी 1920 च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, कुलपे, वज्री, करंडे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून मिळविल्या, आणि या कामात त्यांच्या पत्नी कमलाबाई यांचाही हात होता. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. 20 हजारांहून अधिक वस्तूंच्या त्या संग्रहालयात आज आपण तिकीट काढून जातो आणि काचेआड पाहतो त्या काय, तर आपल्याच आज्या-पणज्यांच्या घरातल्या वस्तू! त्यांतल्या कितीतरी मोडीत जावयाच्या होत्या. मोडीचा भाव आणि वस्तूचे मोल यांत अंतर असते, आणि ते अंतर ओळखणाऱ्या डोळ्यालाच या धंद्यात किंमत आहे. केळकरांनी ते अंतर समाजासाठी वापरले. आपण ते संसारासाठी वापरले तर त्यात उणेपणा कसला?

आता मोबाईलवरच्या बाजाराकडे वळू. तो अमेरिकेत सुरू झाला. सप्टेंबर 1995 मध्ये पियरे ओमिड्यार नावाच्या तरुणाने संगणकावर लिलावाची एक जागा उघडली. पहिली वस्तू विकली गेली ती म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, 14.83 डॉलरना. मोडका आहे हे ठाऊक आहे ना, असे विकणाऱ्याने विचारले, तेव्हा आपण मोडकेच जमवितो असे घेणाऱ्याने सांगितल्याची कथा ती कंपनी अभिमानाने सांगत आली आहे. पुढे 1997 साली या बाजाराचे नाव ‘ईबे’ झाले. त्याआधीच, 1996 मध्ये, तेथे एक मोठी महत्त्वाची सोय झाली होती. घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने एकमेकांविषयी आपले मत सर्वांना दिसेल असे लिहून ठेवावयाचे. बोहारीण दर महिन्याला त्याच गल्लीत येई, म्हणून ती फसवीत नसे आणि आपणही तिला फाटके कपडे घडीत दडवून देत नसू. अनोळखी माणसांच्या बाजारात ती गल्लीची ओळख नव्हती. तिची जागा या लेखी अभिप्रायाने घेतली.

आपल्या देशात हा बाजार 2000 साली मुंबईत निघालेल्या ‘बाझी डॉट कॉम’ने आणला. 2004 मध्ये ईबेने ती कंपनी सुमारे 5 कोटी डॉलरना विकत घेतली. परंतु तेव्हा संगणक थोड्या घरांत, आणि तोही बहुधा मुलाच्या किंवा यजमानांच्या टेबलावर. पुढे ‘क्विकर’ 2008 साली निघाले, आणि 2006 साली स्थापन झालेल्या ‘ओएलएक्स’च्या जाहिराती घरोघर पोहोचल्या. ईबेचा भारतातील बाजार मात्र ऑगस्ट 2018 मध्ये बंद झाला. खरा बदल घडला तो 2016 च्या सुमारास. त्या वर्षी मोबाईलवरचे इंटरनेट एकदम स्वस्त झाले, यूपीआयने पैसे घेण्याची सोय आली आणि फेसबुकनेही आपला ‘मार्केटप्लेस’ हा बाजार उघडला. बाजार बाईच्या हातातल्या फोनमध्ये येऊन बसला. 2020 च्या टाळेबंदीत अनेक तरुण मुलींनी इन्स्टाग्रामवर जुन्या कपड्यांची दुकाने मांडली, आणि जे आपण लपून करीत होतो ते त्यांनी उजळ माथ्याने केले.

परदेशातही एका तरुणीची हकीकत अशीच आहे. लिथुआनिया देशातील व्हिल्नियस शहरात 2008 साली मिल्दा मिटकुटे हिला घर बदलावयाचे होते आणि कपडे तर फार झाले होते. ते विकण्यासाठी तिने युस्तास यानाउस्कास या मित्राच्या मदतीने एक संकेतस्थळ उघडले. तेच आज ‘विंटेड’ या नावाने युरोपातील अनेक देशांत जुन्या कपड्यांचा मोठा बाजार म्हणून ओळखले जाते. तिच्या कपाटातली अडचण आणि आपल्या कपाटातली अडचण यांत फरक काय?

या कामात खरोखर उरते किती, हेही पाहिले पाहिजे. नाही तर हा लेख नुसता उत्साहाचा होईल. समजा, एखादीने पायाचे शिवणयंत्र 1500 रुपयांना घेतले. पट्टा, तेल आणि मिस्त्रीची मजुरी यांचे 400 रुपये झाले. टेम्पोला 300 पडले. 3000 रुपयांना ते गेले, तर हाती उरले 800. त्यासाठी साफसफाई, छायाचित्रे, वीस जणांच्या प्रश्नांना उत्तरे आणि दोन खेपा वाया गेलेल्या गिऱ्हाइकांची वाट पाहणे, असे तीन-चार दिवसांचे काम झाले. हे घबाड नव्हे. पण महिन्यात अशा दोन वस्तू निघाल्या, तर एका मुलाच्या शिकवणीची फी सुटते. आणि ज्या वस्तूवर दोन महिने गिऱ्हाईक येत नाही, ती घरात अडगळ होऊन बसते, हेही हिशेबात धरावे लागते. म्हणून जाणत्या भगिनी विकण्याआधी नव्हे, तर घेण्याआधी विचार करतात.

काही सावधगिरीच्या गोष्टी येथे सांगणे अवश्य आहे. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक कधीही द्यावा लागत नाही आणि चौकटींचे ते चित्रही स्कॅन करावे लागत नाही. ‘पैसे पाठवतो, हे स्कॅन करा’ असे म्हणणारा गिऱ्हाईक नव्हेच. फसगत झालीच तर 1930 या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. जुना मोबाईल घेताना मूळ पावती पाहावी, कारण चोरीचा आहे हे कळत असून माल घेणे हा गुन्हा आहे. स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर हे कंपनीचे असते. ते विकावयाचे नाही. आणि शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र किंवा अशी कलावस्तू हाती आली, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही व ती परदेशी धाडता येत नाही. अनोळखी गिऱ्हाइकाला घरात एकटीने घेऊ नये. सोसायटीच्या फाटकाशी किंवा शेजारणीला बरोबर घेऊन व्यवहार करावा.

आता ज्या लाजेपासून हा लेख निघाला, तिच्याविषयी. मला वाटते ती लाज वस्तू जुनी असण्याची मुळीच नाही. बोहारणीला जुने देताना कोणाला लाज वाटली? उलट नवे पातेले शेजारणीला हौसेने दाखविले जाई. लाज आहे ती दाराच्या दुसऱ्या बाजूस उभे राहण्याची. आजवर आपण उंबऱ्याच्या आत बसून भाव करीत होतो. ती बाहेर, उन्हात, पाटी उतरवून बसे. ‘एवढ्या दोन साड्यांना एवढेच पातेले? वर एक डबा दे,’ असे आपण म्हणत होतो. आता मोबाईलवर कोणी ‘शेवटचा भाव बोला’ म्हणून विचारतो, येतो म्हणून येत नाही, तीन हजारांची वस्तू हजाराला मागतो, आणि आपल्या मनाला लागते. तेव्हा कळते की बोहारणीला दर दुपारी हेच ऐकावे लागे आणि तरी तिला हसून पाटी उचलावी लागे. आपण आज तिचाच धंदा करतो. ज्या कामाला आपण हलके समजलो, त्याच कामाने आपल्या हाती पैसा आला आहे.

यातली खेदाची बाजूही लिहिली पाहिजे. तिचा धंदा आता पुष्कळ आक्रसला आहे. कृत्रिम धाग्याच्या कपड्यांना पूर्वीच्या सुती-रेशमी कपड्यांची किंमत येत नाही, नवे कपडे स्वस्त झाले, आणि कित्येक सोसायट्यांच्या फाटकांवर ‘फेरीवाल्यांस मज्जाव’ अशी पाटी लागली. आतल्या घरांतून जुन्या वस्तू मोबाईलवर विकल्या जातात आणि जिने ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली तिला रखवालदार फाटकावरून परत पाठवितो. जो व्यवहार आपल्याला कमाई, तो तिला उपद्रव कसा ठरतो, याचा विचार आपल्याच सोसायट्यांच्या सभांत आपण मांडावयास हवा.

म्हणून या वर्षासाठी मंडळापुढे तीन सूचना ठेवते. पहिली, जुन्या वस्तूंच्या विक्रीतून येणारा पैसा प्रत्येकीने स्वतःच्या नावे वहीत लिहावा आणि स्वतःच्या नावाच्या खात्यात ठेवावा; ‘काटकसर’ हा शब्द तेथे लिहू नये. दुसरी, वर्षातून दोनदा मंडळाच्या जागेत जुन्या वस्तूंचा बाजार भरवावा, म्हणजे नव्या भगिनींना भाव करणे, वस्तूचा दोष आधी सांगणे आणि हिशेब ठेवणे हे घरच्या माणसांत शिकता येईल. तिसरी, त्या बाजाराला आपल्या भागात अजून फिरणाऱ्या बोहारणींना सन्मानाने बोलवावे आणि जे विकले जाणार नाही ते फुकट न देता त्यांना रीतसर मोलाने द्यावे. कपडा हातात घेऊन त्याची पारख कशी करावी हे त्यांच्याकडून अर्धा तास ऐकले, तरी मोबाईल शिकविणार नाही असे पुष्कळ काही आपल्या पदरी पडेल.

ज्या भगिनीने आपले नाव घालू नये म्हणून सांगितले, तिचे नाव मी घातलेले नाही. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत ती स्वतःच्या नावाने आपला हिशेब लिहील, अशी आशा करते.